घुंगरं नसलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी वेळूची काठी आहे. सध्या मुक्काम हैदराबादेत, चिक्कडपल्लीच्या एका घरात. उंच दोरीवर कपडे वाळत घालणं हे माझं काम. पण माझ्या टोकाला चार भोकं आहेत, तीच माझी खरी कहाणी.

मराठवाड्यातल्या एका गावाची वेस राखणाऱ्या तातेराव वेसकराने मला तासलं. गावाच्या हुकुमाने माझ्या टोकाला भोकं पाडून त्यांत घुंगरं बांधली गेली. काय ऐट होती माझी! मी छुमछुम वाजायचे आणि रस्ता मोकळा व्हायचा. तातेरावाचा स्पर्श नको म्हणून लोक बाजूला सरतात, हे मला फार उशिरा कळलं. त्याने अंमलदारांची ओझी वाहायची, भरउन्हात परगावी निरोप पोचवायचे आणि शिळ्या भाकरीवर भागवायचं. याला वेठ म्हणत. नाही म्हणायची सोय नव्हती.

एके दिवशी चावडीसमोर तातेरावाने विळ्याने घुंगरं कापली. म्हणाला, "आजपासून वेठ बंद!" त्याने मार खाल्ला, गाव सोडलं, मला मात्र सोडलं नाही.

त्याची लेक केसरबाई मला इथे घेऊन आली. परवा तिच्या नातीला, दीपमालाला, शाळेत गुलामगिरीचा आणि ती मोडणाऱ्यांचा धडा होता. केतकी टीचर म्हणाल्या, "आपल्याकडेही असं होतं. घरात एखादी खूण असेल तर आणा." दीपमालाने मला तेल लावलं आणि हौसेने बेगम बाजारातून नवी घुंगरं आणून बांधली. मी वाजले, तशी केसरबाई स्वयंपाकघरातून धावत आली.

"कुनी बांधली गं ही?"

"मीच. मस्त दिसतीय ना, आजी?"

"नक्को, माय! माझ्या बाबानं मार खाऊन काढलीत ती. अशी वाजवत नेनार असशील, तर काठी शाळेत जानार न्हाई."

इतकी वर्षं मनात ठेवलेलं सगळं तिने त्या दुपारी सांगितलं. दीपमाला रडत रडत एकेक गाठ सोडवत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने मला फरशीवर आपटलं. नुसतं ठक्क झालं. "ऐकलंत?" ती म्हणाली. "माझ्या पणजोबांनी हिचा आवाज बंद केला." मला त्या दिवशी खरी ऐट वाटली.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. ती सजवण्याआधी थोरांजवळ बसून तिची गोष्ट ऐका. आणि कधी आमच्याकडे आलात, तर माझी भोकं रिकामीच राहू द्या.