सोनगीरच्या किल्ल्यावरची उदबत्ती

चुडामण आबांना कीर्तनाचा भारी नाद. पंचक्रोशीत बुवा कुठे उभे राहणार, हे त्यांना मांडववाल्याच्या आधी कळायचं. धुळ्याच्या त्यांच्या भजनी मंडळानं रविवारी सोनगीरचा किल्ला पायी चढायचा बेत केला, तेव्हा आबांनी भाकरीच्या आधी उदबत्तीचा पुडा पिशवीत टाकला.

"आबा, किल्ला पाहाले चालनात का पूजाले?" फेरीचे पुढारी मोतीलाल नाना म्हणाले.

"दगडले शेंदूर दिसना की मी एक उदबत्ती लावसू," आबा हसले.

आबांच्या बायकोचा, बेबाबाईंचा, गुडघा दुखत होता. त्या खालीच बसणार होत्या. वरून सारा मुलूख दिसतो म्हणत आबांनीच त्यांना चढवलं.

वर खरंच मुलूख दिसला. कपाशीची शेतं, महामार्गावरचे ट्रक, भन्नाट वारा. तटाच्या कोनाड्यात शेंदूर फासलेला दगड होता. आबांनी पाच उदबत्त्या लावल्या आणि हात जोडले. धूर वर कमानीला लागला. आबांना वाटलं, कुणीतरी तंबोरा लावतंय.

कमानीवरचा काळा डाग हलत होता.

"आग्या माश्या," नाना हळूच म्हणाले. "पळा."

सगळे पळाले. आबाही पळाले. दरवाज्यापाशी पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं, तर बेबाबाई तटाखालीच, डोक्यावर पदर ओढून बसलेल्या. गेल्या साली एकच गांधीलमाशी चावली, तेव्हा त्यांचा घसा सुजून श्वास कोंडला होता. डॉक्टरांनी वेळेवर सुई टोचली म्हणून वाचल्या. पतिव्रतेच्या आख्यानाला दर वेळी डोळे पुसणारा माणूस बायकोला टाकून पळाला होता.

आबा परत निघाले, तसा नानांनी त्यांचा हात धरला. "तुमना अंगले धूरना वास शे. माश्या तुमनावरच येतीन."

आबांनी सदरा काढून फेकला, नानांची जेवणाला अंथरायची चादर ओढून घेतली आणि वाकून, पाऊल न वाजवता परत गेले. मानेवर आग झाली. त्यांनी हात उचलला नाही. दोघांवर चादर घेऊन ते टेकले.

"कशाले उनात?" आतून बेबाबाई पुटपुटल्या. "पळनात ना?"

"पळनू. आते हालू नको."

चादरीवर टप टप आपटत होतं. किती वेळ, कुणास ठाऊक. हळूहळू गुणगुण विरळ झाली.

"चावनी का?"

"एक. मनगटले."

दवाखाना गाठायचा म्हणजे आधी सगळा डोंगर उतरायचा. आबांनी बायकोला खांद्याचा आधार दिला.

"बोलत राहाय. काहीबी बोल."

बेबाबाईंनी सुरुवात केली: उदबत्तीपासून, लग्नातल्या मानपानापर्यंत. असे टोमणे आबांनी जन्मात कान देऊन ऐकले नव्हते. श्वासाला त्या जरा थांबल्या, की आबा विचारायचे, "मंग?" मधेच आवाज घोगरा झाल्यासारखा वाटला. की नुसता वारा?

खाली नानांनी रिक्षा उभी केली होती. बेबाबाई आत टेकल्या नि गप्प झाल्या.

"का व, काय झायं?"

"मन्हं बठ्ठं सांगी झायं. आते काही उरनं नही."

"परत सांग," आबा त्यांचं मनगट धरून म्हणाले. "पहिलापाइन."