डिस्कवर जागा नाही

दुपारभर कानाला हेडफोन लावून धाकटीने एका डॉक्टरचं भाषण टाइप केलं होतं. सेव्ह करायला गेली, तर लॅपटॉप म्हणाला, जागा नाही. मग पडदा काळा पडला आणि सगळं काम पाण्यात गेलं.

"मेल्या, मघाशीच सांगायला काय धाड भरली होती?" ती त्याच्यावरच ओरडली.

लॅपटॉप मुळात दादाचा. नवा घेतल्यावर जुना त्याने हिच्या गळ्यात मारला आणि बहिणीला लॅपटॉप दिला म्हणून चारचौघांत मिरवलं. तो सुरू होईतो हिची भांडी घासून व्हायची. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "तुलाच वापरता येत नाही."

आज मात्र ती पेटली. जागा खातंय कोण, ते शोधायला बसली. तिचं काम चिमूटभर होतं. बाकी सगळे दादाचे व्हिडिओ, त्याच्या फोनवरून आपोआप येऊन पडणारे. तिने फोन लावला.

"मीच तसं ठेवलंय," दादा म्हणाला. "माझा फोन भरतो ना. तिकडे आले की इथले पुसून टाकतो."

"आणि माझं काम?"

"टाइपिंगच तर आहे."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या संध्याकाळपर्यंत तुझं सामान ने. नाहीतर सगळं झाडून काढीन."

दादा हसला. फोन ठेवला तशी शेजारी बसलेली आई म्हणाली, "भाऊ आहे गं, सांभाळून घे."

"सांभाळून घेता घेताच भरलाय लॅपटॉप, आई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली, दादा आला नाही. फोन केला तर म्हणे, "बघू रविवारी."

धाकटीने आपलं काम पेनड्राइव्हवर घेतलं आणि डिस्क कोरी केली. जुन्या मशीनला झेपेल अशी हलकी सिस्टिम टाकली. पहिल्यांदा अर्ध्यात अडकली, तेव्हा दातओठ खात पुन्हा टाकली. मागचं झाकण उघडून पंख्यातली धूळ ब्रशने काढली. लॅपटॉप बटण दाबताच सुरू झाला. डॉक्टरचं भाषण तिने पहिल्यापासून टाइप केलं, एकेक अक्षर बडवत.

रविवारी दादा आला. हातात नवी डिस्क.

"गेलं सगळं," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "अगं, बाळाची पहिली पावलं होती त्यात!"

तिचं तोंड मात्र थांबलं नाही. "इतकं मोलाचं होतं, तर टाइपिंगवालीच्या भंगारात का टाकलंस?"

पाणीही न पिता तो निघून गेला. आईने दिवसभर अबोला धरला. शेवटी न राहवून धाकटीने वहिनीला फोन केला.

"पावलांचा व्हिडिओ? माझ्या फोनमध्ये आहे की!" वहिनी म्हणाली. "मीच काढला होता. ह्यांनी मला विचारलं तरी का?"

जीव भांड्यात पडला. पण फोन ठेवला तशी धाकटी आणखीच चिडली. बायकोला एक शब्द विचारायचं सुचलं नाही, आणि बहिणीला मात्र गुन्हेगार करून गेला! तिने हेडफोन कानाला लावले आणि पुढचं भाषण उघडलं. दादाचा फोन येत राहिला. तिने उचलला नाही.