बर्फाची वाट पाहणारा कोल्हा

मुलांनो, जरा डोळे मिटा. जुलैचं ऊन आहे. सिबेक्यू ओढ्याकाठी पत्र्याच्या पडवीत एक म्हातारा खुर्चीवर बसलाय. पायाशी त्याची आठ वर्षांची नात रोवेना ओकची फळं फोडतेय. समोर वही उघडून मी बसले आहे. म्हातारा माझा मामा. त्याचं नाव सांगणार नाही; आम्ही अपाची आदिवासी गेलेल्या माणसाचं नाव घेत नाही.

चार हिवाळे मी मामाच्या गोष्टी उतरवून घेत होते. हिवाळ्यातच, कारण साप जागे असताना कोल्ह्याच्या गोष्टी सांगायच्या नसतात. साप वाटेत येतो. शेवटची गोष्ट अर्ध्यावर असताना वसंतातले पहिले ढग गडगडले, म्हणजे साप जागे झाले, आणि मामानं तोंड मिटलं. कोल्ह्यानं फुशारकीत स्वतःचे डोळे काढून वर उडवले होते, ते झाडावर अडकले होते आणि तो खाली आंधळा बसला होता. पुढचं मामाशिवाय कुणालाच येत नव्हतं.

"मामा, थोडंच राहिलंय," मी म्हटलं. मामा पानगळीपर्यंत तरी राहील याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मास्तरीण झालीस, पण घाई काही गेली नाही तुझी. बसलाय ना कोल्हा? बसू दे. फार शहाणा समजत होता स्वतःला."

"पण तोवर तू..."

"तोवर मी नसेन. म्हण की." त्यानं रोवेनाच्या उघड्या पायांकडे पाहिलं. "ही दिवसभर गवतात हिंडते. तुझ्या चार ओळींसाठी हिच्या वाटेत साप आणू?"

मी वही मिटली.

जरा वेळानं तो म्हणाला, "रोवे, पाइनची राळ आण. दोन गोळ्या कर, या फळांएवढ्या. बर्फ पडला की मावशीला दे. आधी नाही."

"गोष्टीतलं आहे का, आजोबा?"

"गोष्ट कुठली? राळ आहे ती."

ऑगस्टमध्ये मामा गेला. रिवाजाप्रमाणे त्याची खुर्ची, टोपी, अंथरूण जाळलं. वही माझी, म्हणून राहिली. तिची मागची पानं कोरीच होती. आणखी किती गोष्टी त्याच्यापाशी होत्या, हे विचारायचंही राहून गेलं होतं.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. रोवेना बूट न काढताच माझ्या स्वयंपाकघरात आली. तिनं दोन पिवळ्या गोळ्या वहीच्या कोऱ्या पानावर ठेवल्या. शेगडीच्या उबेनं त्या हळूहळू चकाकू लागल्या.

"मावशी, हे डोळे आहेत," ती म्हणाली. "कोल्ह्याचे. म्हणून तर त्याचे पिवळे असतात."

एक गोळी मी बोटांत धरून पाहिली. मग विचारलं, "त्याला दिले कुणी?"

"ते नाही सांगितलं आजोबांनी."

ती खिडकीशी गेली. बर्फ अजून पडतोय ना, ते नीट पाहून घेतलं. मग परत आली, आजोबांसारखे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली आणि म्हणाली, "लिही."