चुकीच्या बाजूची टाकी

मित्रांनो, टेबलाच्या खालच्या खणात, सुटे स्क्रू आणि संपलेले सेल यांच्या संगतीत दीड वर्ष पडून राहिलेली मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. हातात मावेन एवढीच आहे, पण माझ्या पोटात एक अख्खे गाव आहे.

माझे मालक जमीनमोजणी खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांना कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळाचा नाद लागला. खेळात सारे जग होते, आमच्या गावाच्या जागी मात्र नुसता हिरवा पट्टा. मग त्यांनी दोन वर्षे खपून एकेक घर मापाने उभे केले आणि माझ्यात साठवले. मी फिरू लागले की गाव दिसू लागे.

मालकीणबाईंना उंचीची भीती. खऱ्या विमानात त्या कधी चढल्या नाहीत, पण रोज संध्याकाळी चहा घेऊन शेजारच्या खुर्चीत बसत. विमान घरावर आले की त्यांचे बोलणे ठरलेले असे.

"अहो, आपली पाण्याची टाकी जिन्याच्या उजवीकडे आहे. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यात आणि स्वतःचंच घर चुकवलंत."

"उद्या करतो," मालक म्हणत. तो उद्या कधी उजाडला नाही. ते बोलणे रोज ऐकायला मिळावे म्हणूनच ते चालढकल करत, हे मी ओळखून होते.

मग मालकीणबाई गेल्या. वडिलांचे मन रमावे म्हणून लेकीने नवा खेळ आणून दिला. त्यात जग इंटरनेटवरून थेट येते, जवळ काही साठवावे लागत नाही. माझी वायर निघाली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते खोटे नाही. खणात दीड वर्ष मी एकटी होते. आधी राग आला, मग रागावायलाही कोणी नाही हे कळले.

एका रविवारी लेकीचा आवाज आला. "बाबा, आज भंगारवाला येईल. हा खण रिकामा करते."

मालक नव्या खेळात घरावरून उडत होते. "टाकी बरोबर जागेवर आहे गं," ते म्हणाले.

"मग चांगलंच की."

त्यांनी खेळ थांबवला. मग स्वतः खाली वाकले आणि स्क्रूंमधून त्यांनी मला उचलले.

वायर जोडली. मी दोनदा अडखळले. आता आपण फिरलो नाही तर भंगारातच जाणार. तिसऱ्यांदा कशीबशी फिरले. गाव दिसू लागले. लेक पडद्याजवळ वाकली.

"बाबा, टाकी चुकलीये. ती उजवीकडे होती ना?"

मालकांनी शेजारची खुर्ची ओढली. "बस इथे," ते म्हणाले. "उद्या करतो."

मित्रांनो, माझी खरखर आता वाढली आहे आणि माझी दुसरी प्रत कोणाकडेच नाही. तुमच्या घरच्या खणात माझ्यासारखी कोणी असेल, तर टाकण्याआधी एकदा जोडून पाहा. आणि कोणी माझी प्रत केलीच, तर कृपा करून ती टाकी हलवू नका.