ब्रुगेरच्या रस्त्यावरची पाटी

"वरची धार आज नको," कीर्झे म्हणाला आणि भाजलेल्या सॉसेजचा तुकडा त्याने सुरीनेच तोंडात टाकला. "या वाऱ्यात डुकरांना आपला वास आपल्या आधी पोचेल. आज ब्रुगेरच्या दरीत हाका घालू. तिथे आडोसा आहे."

शिकाऱ्यांच्या झोपडीचं दार वाऱ्याने तिसऱ्यांदा आपटलं. उत्तरेची ही त्रामुंताना एकदा सुटली की तीन दिवस माणसाला धड बसू देत नाही. टेबलाभोवतीच्या अकरा जणांनी माना डोलावल्या. कीर्झे टोळीचा कप्तान, तो म्हणेल तिथे हाका, ही रीत त्याच्या बापाच्या वेळेपासूनची.

"सादुर्नी, रस्त्याच्या पाटीचं काय?" कीर्झेने विचारलं.

"ब्रुगेरला आहेच की उभी."

"वा! म्हणजे म्हाताऱ्याचं काम आधीच झालेलं," फेलिउ म्हणाला. "आम्ही काट्याकुट्यांतून मरायचं आणि याने बसून घेवडे खायचे."

"तुझ्या वाटचेसुद्धा खातो. आण इकडे."

सगळे हसले. सादुर्नीही हसला.

सादुर्नी अडुसष्ट वर्षांचा होता. त्यातली चौतीस वर्षं त्याने रस्तेखात्यात मजुरी केली, आणि बहुतेक सगळी त्या ब्रुगेरच्या अकरा किलोमीटरवरच. बुचाच्या झाडांमधून वर चढणारा तो अरुंद रस्ता, त्यातला खड्डा न् खड्डा त्याने स्वतःच्या हाताने बुजवलेला. आता कुठकुठल्या देशांतून माणसं सायकली घेऊन तिथे येतात आणि काय सुरेख रस्ता, काय शांतता, म्हणून वाखाणतात. शांतता आपोआप असते, पण रस्ता आपोआप गुळगुळीत राहतो होय? हे सांगावं असं त्याला फार वाटे, पण सांगणार कोणाला?

निवृत्त झाल्यावर डोळे अधू झाले, बंदूक सुटली. तेव्हा टोळीने त्याला पाटीचं काम दिलं. हाक्याच्या रविवारी रस्त्याच्या तोंडाशी पिवळी पाटी उभी करायची: सावधान, रानडुकरांची शिकार चालू आहे. नारिंगी जाकीट घालून तिच्याशेजारी उभं राहायचं, येणारी गाडी, सायकल थांबवायची, आणि दुपारी पाटी मिटून घरी न्यायची. बारा हंगाम त्याने ते काम चोख केलं होतं.

यंदा गुडघा गेला. सर्व संतांच्या सणाला, एक नोव्हेंबरला, ब्रुगेरला हाका झाला, शेवटी पाऊस आला, पाय काही केल्या वाकेना. उद्या काढू, असं म्हणून त्याने पाटी तिथेच ठेवली. उद्याचा परवा झाला, नाताळ होऊन गेला, जानेवारी संपत आला. टोळीतल्या कोणी हूं की चूं केलं नाही. बोलली ती फक्त केराल, त्याची मुलगी. गावात तिचं चार खोल्यांचं पाहुणेघर होतं, सायकलवाल्यांसाठी, आणि त्यांना रस्ते दाखवायला ती स्वतः पुढे जायची.

"बाबा, तुझी पाटी आता तिथे मूळ धरणार बघ," ती म्हणाली होती. "पाहुणे पहिल्या दिवशी घाबरून विचारतात, हे काय? मी सांगते, काही नाही, माझ्या बाबाचा आळस आहे."

"गुडघा आहे तो, आळस नाही."

"तेच ते. काढ पण. नाहीतर मी काढते."

"तू हात लावू नकोस. टोळीचं काम आहे," तो फटकन म्हणाला होता. आता या गोष्टीत कसला आलाय मान? पण माणूस हट्टाला पेटला की पेटला.

कालच तिने विचारलं होतं, उद्या हाका कुठे? वरच्या धारेला, त्याने सांगितलं. मग आम्ही समुद्राच्या अंगाने जाऊ, ती म्हणाली.

म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. तरी आता त्याने खिशातून फोन काढला. झोपडीत रेंज नसते, त्यासाठी खालच्या वळणापर्यंत उतरावं लागतं. तो गुडघ्यावर हात टेकून अर्धवट उठला. ती समुद्राकडे गेली आहे, त्याने स्वतःला समजावलं. शिवाय पाटी आहेच. तो पुन्हा बसला.

साडेदहाला कुत्री सोडली. सादुर्नी झोपडीच्या ओट्यावर वॉकीटॉकी घेऊन बसला. तिथून खाली रस्त्याचं एकच वळण दिसतं, बाकी सगळं झाडांनी झाकलेलं. वर धारेवर वारा घोंगावत होता आणि दरीत पान हलत नव्हतं. ती शांतता त्याला मुळीच आवडली नाही. समुद्राच्या अंगाला आज काय चाललं असेल? तिकडे तर उघडा कडा, आडोसा म्हणून नाही. या वाऱ्यात सायकल उभी तरी राहील का?

आणि मग त्याच्या लक्षात आलं. वाऱ्याला टाळून कीर्झे ब्रुगेरला आला. केरालही त्याच वाऱ्याला टाळणार. टाळून ती जाणार कुठे?

तो उठला. तेवढ्यात खालून आवाज आला. उतारावर पायडल मारणं थांबवलं की चाकातून येतो तो बारीक किर्र आवाज. एकाचा नाही, चारपाचांचा. कोणीतरी हसलं, बाईमाणूस.

त्याने वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "थांबा! रस्त्यावर माणसं आहेत! बंदुका खाली!"

पण एकाच वाहिनीवर दोघांना बोलता येत नाही, आणि बोलत होता कीर्झे. "मोठा आहे, मोठा, सत्तर किलोच्या वर, ओढ्याकडून वळला, फेलिउ, तुझ्याकडे येतोय, सोडू नकोस, रस्ता ओलांडायच्या आत..." कप्तानाला उत्साह आला की त्याच्या तोंडाला खीळ नसते. सादुर्नी बटण दाबत राहिला, ओरडत राहिला. मग यंत्र टाकून तो उतारावरून खाली धावला. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली, दोनदा पडला, उठला. "केराल! केराल, मागे फिर!"

एकच बार झाला.

कुत्री भुंकत पुढे निघून गेली. मग खालून एक पुरुष परक्या भाषेत एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडू लागला.

सादुर्नी रस्त्यावर पोचला तेव्हा केराल गुडघे टेकून बसली होती आणि तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. पण रक्त तिचं नव्हतं. समोर पाहुण्यांतली बिर्गिट पडली होती. डेन्मार्कची शिक्षिका, पन्नाशीची, चार दिवसांपूर्वी त्याच्या हातचे अक्रोड खाऊन "छान, छान" म्हणणारी. ती सगळ्यांच्या मागे होती. पलीकडच्या काठावर फेलिउ बंदूक जमिनीवर ठेवून उभा होता आणि त्याचे ओठ नुसतेच हलत होते.

हेलिकॉप्टर वाऱ्यामुळे उतरू शकलं नाही. अँब्युलन्स आली तोवर उशीर झाला होता. त्या लोकांनी बिर्गिटवर चादर ओढली आणि कडांना दगड ठेवले.

दुपारी पोलीस आले. चौकशी करणारी बाई तरुण होती, शांत आवाजाची. तिने आधी कीर्झेला विचारलं, रस्त्यावर पाटी होती?

"होती," कीर्झे म्हणाला. "वर येताना तुम्हीही पाहिली असेल."

एकेकाला विचारलं. होती, सगळे म्हणाले. फेलिउनेही मान हलवली. त्यात खोटं काहीच नव्हतं. मग ती केरालकडे वळली.

"तुम्ही या गटाच्या वाटाड्या?"

"हो."

"पाटी तुम्हाला दिसली होती?"

केराल क्षणभर बापाकडे बघत राहिली. मग तिने मान खाली घातली. "दिसली होती."

"दिसली, तरी पाहुण्यांना आत घेऊन आलात?"

"हो."

एवढंच. पाटी बारा आठवडे तिथेच आहे, हे ती बोलली नाही. हाका वरच्या धारेला आहे असं बापाने सांगितलं होतं, तेही नाही. पोलीस बाईने लिहून घेतलं. कीर्झेने सादुर्नीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच दाबला. गप्प बस, सगळं निभावेल. चाळीस वर्षांची दोस्ती होती, शब्दांची गरज नव्हती.

सादुर्नीला भीती वाटली. पोलिसांची नाही, तर पुढच्या रविवारची, आणि त्यानंतरच्या सगळ्या रविवारांची. या माणसांखेरीज त्याला गावात होतं तरी कोण? त्याने तो हात खांद्यावरून बाजूला केला.

"बाई, लिहा," तो म्हणाला. "पाटी होती. कालही होती, मंगळवारीही होती. सर्व संतांच्या सणापासून रोज आहे. मी काढलीच नाही. हिला मी सांगितलं होतं की आज हाका इथे नाही. माझ्यावर विश्वास ठेवून ती आत आली. पाटीशेजारी उभं राहून माणसं थांबवायची, हे माझं काम. मी वर बसून घेवडे खात होतो."

"सादुर्नी, तुला धक्का बसलाय," कीर्झे म्हणाला.

"बसलाय. पण खरं तेच सांगतोय. पाटीखालचं गवत जाऊन बघा, तिच्या पायांवर चढलंय."

"टोळीला बुडवलंस तू, सादुर्नी," कीर्झे म्हणाला.

पोलीस बाईने पान उलटलं आणि त्याला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. त्याने सांगितलं, सही केली.

पाहुण्यांना गाडीतून खाली नेलं. बिर्गिटची सायकल पोलिसांनी ठेवून घेतली. उरलेल्या चार घरी न्यायच्या होत्या. सादुर्नीने दोन धरल्या, केरालने दोन. दोघं चालत निघाली. तो लंगडत होता आणि तिने काहीतरी बोलावं, निदान शिव्या तरी द्याव्यात, म्हणून जीव नुसता तुटत होता.

मागून शिकाऱ्यांच्या गाड्या आल्या. पहिली गेली, दुसरी गेली. काचेआडून कोणी हात केला नाही. कीर्झेची गाडी जवळ येऊन हळू झाली, आणि सादुर्नीने नकळत मान वर केली. गाडी पुढे गेली. अजून चारपाच मागे होत्या, वळणावर त्यांचे आवाज येत होते.

"बाबा," केराल म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "तू आतल्या बाजूला ये."

तो आत सरकला. ती सायकली घेऊन त्याच्या आणि गाड्यांच्या मधून चालू लागली.