केसरबाईंच्या हातांची कातडी

मित्रांनो, मी एक जुनी कातडी आहे, केसरबाईंच्या दोन्ही हातांची. केसरबाई धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत मुलांसाठी खिचडी रांधतात. माझे वय बावन्न. वरचा पापुद्रा तेवढा महिन्या-दीड महिन्याने नवा येतो.

माझ्यावर लाखो सूक्ष्म जीव राहतात. नाक मुरडू नका! माझे तेल, माझा घाम यांवर ते जगतात आणि परक्या जंतूंना पाय टेकू देत नाहीत. माझी वीण घट्ट ठेवायलाही तेच मदत करतात. ते धड तर मी धड. शाळेतल्या नोकरीची बावीस वर्षे आमचे बरे चालले होते.

मग जूनमध्ये हेमलता नावाची नवी मदतनीस आली. पहिल्याच दिवशी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "अक्का, हात नीट धुता ना? नाही, तुमच्या वस्तीतलं म्हणजे..." वाक्य तिने तिथेच सोडले. केसरबाई उठल्या आणि नळाखाली पुन्हा हात धुऊ लागल्या. भोगले मात्र मी.

दिवसातून वीसदा साबण! वर भांड्यांची पावडर, तारेची घासणी, जंतुनाशकाचे पाणी. अहो बाई, मळ नव्हताच, मग घासता काय? तेल गेले, तेलाबरोबर माझे राखणदार गेले. भेगा पडल्या. त्यांतून पू करणारे जंतू शिरले आणि त्यांनी मला आणखी उसवले. मी खाजेने ओरडत होते, आणि बाई ती घाण समजून अजून घासत होत्या! दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने चार दिवस खाज दबली. मी मात्र कागदासारखी पातळ झाले.

शेवटी मुख्याध्यापक पंडित सरांनी हात पाहिले. "केसरबाई, बरं होईपर्यंत घरी राहा. अशा हातांनी स्वयंपाक नको."

घरी येऊन बाई हात पदराखाली घेऊन बसल्या. लेक संघमित्राने त्यांना ओढतच दवाखान्यात नेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, हे घाणीनं झालेलं नाही. अति धुण्यानं झालंय." त्यांनी पुवावर औषध दिले, सौम्य साबण सांगितला, धुतल्यावर पेट्रोलियम जेली आणि भांड्यांसाठी हातमोजे.

बाहेर पडताच बाईंना रडू फुटले. हेमलताचे बोलणे त्यांनी तेव्हा प्रथमच लेकीला सांगितले. संघमित्रा भडकून अहिराणीत म्हणाली, "माय, तुना हात साफच शेतस. तिनी तोंड धोवाले जोयजे!"

दोन महिन्यांत माझे जुने रहिवासी परतले, वीण जुळली. बाई शाळेत गेल्या. मुले, पंडित सर, सगळे होते. बाईंनी सगळ्यांसमोर दोन्ही हात हेमलतापुढे धरले.

"हाई देख. काय इचारनं शे ते बठ्ठासमोर इचारी ले."

हेमलता खाली मान घालून तांदूळ निवडू लागली.

मित्रांनो, जेवणाआधी हात जरूर धुवा, कोरडे करा, रात्री थोडे तेल लावा. पण दुसऱ्याच्या मनातला मळ आपल्या कातडीवर घासत बसू नका. तो तिथे नसतोच.