‘माहीत नाही’ची वाटी

सकाळी साडेदहाला दुकानातली मधली फळी खाली आली, आणि तिच्याबरोबर माझी अब्रूही. बत्तीस डबे होते तिच्यावर. खिळे, स्क्रू, सायकलच्या चाकातले छर्रे, भिंतीत ठोकायच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या, सगळं जमिनीवर. त्यात पांढऱ्या सिमेंटची पिशवी फुटली आणि काचा ज्यात घालून येतात तो लाकडाचा भुसाही सांडला. घोट्यापर्यंत ढीग, आणि मधोमध मी, केसांपासून नखांपर्यंत पांढरी.

चूक माझीच. सिमेंटची पिशवी खाली जमिनीवर ठेवायची असते, हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. पण वाकायचा कंटाळा केला आणि ती फळीवर टाकली. फळीच्या आधाराचा एक स्क्रू निघून लोंबत होता, तो मला दिसला नाही. दोन वर्षांपासून माझ्या डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालंय. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात, अर्ध्या तासाचं काम. त्यांना काय जातंय म्हणायला? डोळा माझा आहे आणि त्याला कुणी हत्यार लावणार या विचारानेच मी घाबरते, सांगून टाकते. म्हणून मी सगळ्यांना चष्म्याचा नंबर वाढलाय असं सांगत होते आणि दुकान बोटांवर चालवत होते. कुठला डबा कितवा, ते पाठ. स्क्रू केवढा, ते चिमटीत धरला की कळतं. चाललं होतं बरं.

माझा धाकटा भाऊ समोरच्या गाळ्यात पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करतो. आवाज ऐकून धावत आला. आधी मला कुठे लागलंय का ते पाहिलं, मग ढिगाकडे पाहत राहिला. ओरडला असता तर परवडलं असतं, मीही दोन शब्द ऐकवले असते. गेला महिनाभर तो दुकान बंद करायचं म्हणत होता. मोबाइल विकणारा कुणी जागा मागत होता. त्यात आमचा नेहमीचा सुतार दोनदा चुकीचे स्क्रू परत घेऊन आला होता, तेही नेमका भाऊ दुकानात असताना.

भाऊ म्हणाला, पाच वाजता भंगारवाल्याला गाडी घेऊन बोलावतो, हे सगळं भरून देऊ. आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ताई, आता तू घरी बस."

घरी बस! वडिलांच्या हाताखाली विसाव्या वर्षापासून या गल्ल्यावर बसलेली बाई मी. घरी बसून काय भिंतींशी गप्पा मारू? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पाचच्या आत एकेक खिळा आपापल्या डब्यात गेला तर? तो हसला. म्हणाला, तर दुकान तुझं, मी पुन्हा विषय काढणार नाही. मी म्हटलं, शब्द दे. त्याने दिला आणि मान हलवत निघून गेला.

दुपारी बाराला शाळा सुटली आणि माझी फौज आली. फौज म्हणजे भावाची मुलगी, जिला मी तोफ म्हणते कारण तिला हळू बोलताच येत नाही, आणि शेजारच्या शिंप्याच्या तीन मुली. त्यांतल्या दोघी जुळ्या. एकीला हाक मारली की दोघी येतात, आणि काम सांगितलं की दोघी एकमेकींकडे बघतात. तिसरी पाच वर्षांची, गोलमटोल, तिचं नाव मी बटण ठेवलंय. रोज माझ्याकडे खाऊ खाता, म्हटलं, आज हात चालवा. तोफेला मी खरं काय ते सांगितलं, की पाचच्या आत झालं नाही तर दुकान जाणार. तिचा चेहरा पडला. मग तिने दप्तर काढलं आणि विज्ञानाचं पुस्तक उघडलं.

"आत्या, आम्हाला हे आहे. मिश्रणातले पदार्थ वेगळे करणे. वेचणे, चाळणे, पाखडणे, चुंबक लावणे..." घडाघडा बोलून दाखवलं. म्हणाली, मला यात पैकीच्या पैकी मिळालेत. मी विचारलं, चाळणी हातात धरलीस का कधी? तर म्हणे, नाही, चित्र काढलंय. मी कपाळाला हात लावला.

विचारलं, मग पैकीच्या पैकीवाल्या बाई, सुरुवात कशाने करायची? तोफ म्हणाली, वेचण्याने, कारण ते पुस्तकात पहिलं आहे आणि सगळ्यात सोपं आहे. म्हटलं, वेचत बस, तुझी पोरं शाळेत जायला लागतील तोवर होईल. तेवढ्यात जुळ्या दोघी मिळून पाण्याची बादली घेऊन आल्या. प्लॅस्टिकच्या गिट्ट्या तरंगतील आणि बाकीचं खाली बसेल, अशी त्यांची अक्कल. अक्कल खोटी नव्हती, वेळ चुकीची होती. मी बादली धरली, नाहीतर त्या ओतणारच होत्या. चिमूटभर सिमेंट वाटीत घेतलं, चार थेंब पाणी टाकलं, एक खिळा त्यात उभा केला आणि वाटी खिडकीत ठेवून दिली. म्हटलं, तासाभराने हा खिळा काढून दाखवा. तासाभराने बटणाने दोन्ही हातांनी ओढून पाहिला, मग तोफेने ओढला. नाही हलला. सगळ्या ढिगाचं तेच झालं असतं. तेव्हा त्यांना कळलं की कुठली युक्ती आहे यापेक्षा आधी कुठली आणि नंतर कुठली याला जास्त डोकं लागतं.

काम सुरू करण्याआधी मी एकच नियम घातला. एक रिकामी वाटी मधोमध ठेवली. ज्याला एखादी वस्तू काय आहे ते कळणार नाही, त्याने अंदाजाने कुठल्याही डब्यात टाकायची नाही, या वाटीत टाकायची. हिचं नाव ‘माहीत नाही’ची वाटी. चुकीच्या डब्यात गेलेला एक स्क्रू म्हणजे एका माणसाचा वाया गेलेला दिवस, असं मी त्यांना बजावलं. स्वतःचंच बोलणं ऐकून मला सुतार आठवला आणि थोडं कसंतरी झालं.

मग आम्ही तोंडाला रुमाल बांधले. वाळूच्या मोठ्या चाळणीवर ढीग घेतला. जाडजूड बोल्ट, बिजागऱ्या वर राहिल्या, बाकी खाली. मग मधली चाळणी, मग पिठाची. पिठाच्या चाळणीतून सिमेंट निघून गेलं. जुळ्यांनी चाळणी दोन बाजूंनी अशी काही हलवली की मला वाटलं, या जन्मतः याच कामासाठी जोडीने आल्यात. तोफ आधी गरागरा फिरवत होती, सगळं बाहेर उडत होतं. मी तिचे हात धरून दाखवलं, मनगट सैल सोड, आपटू नकोस, नुसती झुलव. तिसऱ्या खेपेला जमलं. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

लाकडाच्या भुशासाठी टेबलपंखा लावला आणि स्टुलावरून ढीग हळूहळू खाली सोडला. भुसा उडून भिंतीपाशी गेला, लोखंड सरळ खाली. तोफ ओरडली, हेच पाखडणं! म्हटलं, हो बाई, हेच. चित्रात वारा दिसत नाही.

मग चुंबक. माझ्याकडे जुन्या स्पीकरमधला बशीएवढा चुंबक आहे. मुलींनी तो तसाच ढिगात बुडवायला घेतला. मी अडवलं. चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा. खिळे पिशवीला बाहेरून चिकटतात. डब्यावर नेऊन चुंबक पिशवीतून काढून घेतला की सगळे खिळे आपोआप खाली. नाहीतर एकेक खिळा ओढून काढताना नाकी नऊ येतात. हे कुठल्याच पुस्तकात नसेल, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. बटणाने तेवीस वेळा केलं ते. प्रत्येक वेळी खिळे पडले की हसायची.

छर्रेही लोखंडाचेच, तेही खिळ्यांबरोबर आले. जुळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पडलेली फळीच उचलली, एका टोकाखाली वीट ठेवली आणि वरून मूठभर मिश्रण सोडलं. छर्रे पळाले, खिळे जागेवर बसून राहिले. वस्तूला विचारायचं असतं, मी त्यांना म्हटलं, तू जड आहेस का, गोल आहेस का, लहान आहेस का. ती उत्तर देते. आता पोरी मला विचारेनाशा झाल्या, आपापसात भांडून ठरवू लागल्या. ‘माहीत नाही’च्या वाटीत अकरा वस्तू जमल्या होत्या, आणि खरंच त्या अकराही मला चिमटीत धरून ओळखाव्या लागल्या. एवढं शहाणपण मोठ्या माणसांत नसतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

सगळ्यात शेवटी पाणी. गिट्ट्या लाल-हिरव्या होऊन वर तरंगल्या, त्या जुळ्यांनी गाळणीने काढल्या. चारला दहा मिनिटं कमी होती. तीस डबे भरून झाले होते असं म्हणायला हरकत नव्हती. बादलीच्या तळाशी उरले फक्त स्क्रू, सगळे एकाच मापाचे. अर्धे पितळेचे, अर्धे न गंजणाऱ्या स्टीलचे. चुंबक दोघांनाही उचलत नाही. चाळणीला दोघे सारखेच. पाण्यात दोघेही बुडतात. चिमटीतही दोघांत फरक नाही.

"आता वेचायचे," तोफ म्हणाली. "पिवळे इकडे, पांढरे तिकडे. सांगितलं होतं ना, सगळ्यात सोपं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पिवळे इकडे, पांढरे तिकडे! माझ्या डोळ्यांना ते सगळे ढगाच्या रंगाचे. फळीवर असताना पितळी डबा डावीकडून तिसरा आणि स्टीलचा चौथा, एवढ्यावर माझं चाललं होतं, आणि तेही मी दोनदा चुकले होते. मी मुलींना म्हटलं, जा, हातपाय धुवा, एवढं मी करते. आवाज नेहमीचाच ठेवला.

बाकीच्या गेल्या, बटण गेली नाही. मी दोन डबे पुढ्यात घेतले, स्क्रू उजेडात धरून पाहिले आणि टाकू लागले. एक इकडे, एक तिकडे. अंदाजाने. ज्या गोष्टीवरून दिवसभर पोरींना दम दिला, तेच मी करत होते. बटण माझ्या मांडीला टेकून बसली होती. मी स्क्रू टाकायची, ती कधीकधी तो उचलून दुसऱ्या डब्यात टाकायची. तिला तो खेळ वाटला असावा. मूग गिळून गप्प बसले, आणि ती नीट करत गेली.

पावणेपाचला भाऊ आला. मागून भंगारवाला रिकामी गाडी ढकलत आला आणि दारात थांबला. भावाने एकेक डबा पाहिला. खिळ्यांत हात घालून पाहिलं, छर्ऱ्यांत पाहिलं. शेवटी ते दोन डबे उचलून उजेडात नेले. बराच वेळ चाळत होता. मला सगळ्यांत जास्त भीती त्याच डब्यांची होती, हे त्याला कुठून तरी कळलं होतं बहुतेक.

"ताई, एकही चूक नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "म्हणजे मीच उगाच... तुला नीट दिसतंय की. मी काय काय बोललो तुला."

झालं होतं. जिंकले होते मी. नुसतं हूं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. भंगारवाला गाडी वळवायलाही लागला. माझी फौज हात पुसत रांगेत उभी होती, आणि मधोमध ती वाटी होती, रिकामी. बटणाने ती उचलली आणि माझ्यापुढे धरली. तिला काय कळलं होतं आणि काय नाही, देव जाणे. मला मात्र पुरेसं कळलं. पोरींनी अकरा वेळा त्या वाटीत प्रामाणिकपणे टाकलं होतं, मी एकदाही नाही. इतकी लाज मला त्या फळीने आणली नव्हती.

"हे दोन डबे बटणाने वेचलेत," मी म्हटलं. "मला पिवळं-पांढरं कळत नाही. वर्ष होऊन गेलं."

भावाने डबे खाली ठेवले आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. विचारलं, वर्षभर? मी म्हटलं, वर्षभर. त्याने विचारलं, सांगितलं का नाहीस? मी म्हटलं, घाबरले. एवढंच खरं होतं, बाकी सगळी नाटकं. त्याने माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना मी त्याचा धरायचे, तसा.

पण म्हणून मी पडतं घेणार होते की काय? मी लगेच आवाज चढवला. म्हटलं, शब्द शब्द असतो. एकेक खिळा पाचच्या आत डब्यात गेलाय, कुणी वेचला हे काही ठरलं नव्हतं. दुकान उघडं राहणार. आणि सोमवारी मला त्या अर्ध्या तासवाल्या डॉक्टरकडे ने, दोन्ही डोळे दाखवते. भाऊ हसला की रडला, मला नीट दिसलं नाही. भंगारवाल्याला मात्र त्याने फुटकी फळी देऊन वाटेला लावलं.

दिवे लागायच्या वेळी सुतार आला. दारातूनच म्हणाला, पितळी स्क्रू हवेत, आणि या वेळी पितळीच द्या. मुली पुस्तक उघडून बसल्या होत्या, तोफ जुळ्यांना चाळणीचं चित्र कसं चुकलंय ते समजावत होती. मी डबा उघडला, चार स्क्रू तळहातावर घेतले आणि आधी बटणापुढे धरले. तिने नीट वाकून पाहिलं, मान डोलावली, आणि मग मी ते सुताराला दिले.